फोंड्याच्या वाटेवरची कमान

कोकणात घर बांधायचे ठरले, की मुहूर्ताच्या आधी चौकशी सुरू होते ती चिऱ्यांची. कुठल्या खाणीचा चिरा चांगला, गाडीभाडे किती पडेल, कोणाचा दगड ठिसूळ निघाला, या विषयांवर आमच्या मालवणकडची म्हातारी माणसे लग्नाच्या पंगतीतही तासभर बोलू शकतात. हा आमचा जांभा. खाणीतून काढताना मऊ, सहज तासता येईल असा. पण वारा लागला की दिवसेंदिवस कठीण होत जाणारा. फ्रान्सिस बुखानन नावाच्या एका डॉक्टराने १८०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवर्णनात या दगडाला ‘लॅटराइट’ असे नाव दिले. लॅटिन भाषेत ‘लेटर’ म्हणजे वीट. अशा रीतीने आमच्या तांबड्या चिऱ्याला रोमन लोकांच्या भाषेतले नाव मिळाले आणि शाळेच्या भूगोलात त्याची वर्णी लागली.

पण या दगडाची आणि रोमची गाठ बुखाननच्या अडीचशे वर्षे आधीच पडली होती. ती कुठे आणि कशी पडली हे पाहायला मालवणाहून फार दूर जावे लागत नाही. पहाटे निघालेला माणूस दुपारच्या जेवणापूर्वी तिथे पोहोचतो. मात्र तिथे जाऊन नेमके काय पाहायचे, हे कोणी सांगितले नाही तर मोटार त्या जागेवरून भरकन निघून जाते आणि आतल्या मंडळींना पत्ताही लागत नाही.

मी जन्माने मालवणचा आणि पोटापाण्याने मुंबईचा. मराठीचे अध्यापन हा माझा व्यवसाय; वास्तुशास्त्राशी संबंध म्हणाल तर वडिलार्जित घराच्या दुरुस्तीपुरता. तरीही मेच्या सुट्टीत सौ. आणि मुलगी यांच्यासह मी गोव्याला निघालो तो मुख्यतः एक पडके प्रार्थनामंदिर पाहण्यासाठी. मुलीला समुद्राचे आणि सौ.ला मंगेशीचे आश्वासन होते; माझे पडके देऊळ दोहोंच्या मध्ये कुठेतरी बसवून घेतले होते.

किनाऱ्याकिनाऱ्याने जाणारा रस्ता धरला. परुळ्याच्या बाजूने खाली उतरताना कोचरे गावाचा फाटा लागतो. हे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढे त्याचे काम पडणार आहे. वेंगुर्ल्याला डच वखारीचे अवशेष आहेत. १६३७ च्या सुमारास डचांनी इथे ठाण मांडले आणि गोव्याच्या तोंडाशी ये-जा करणाऱ्या पोर्तुगीज गलबतांवर इथून डोळा ठेवला. आज त्या वखारीच्या भिंतींवर झाडांच्या मुळ्यांनी ताबा मिळवला आहे, आणि त्यांना हुसकावणे डचांना हुसकावण्यापेक्षा कठीण दिसते. मग शिरोडे, रेडी आणि तेरेखोलची खाडी. खाडीच्या उत्तर तीरावर तेरेखोलचा किल्ला. सावंतवाडीच्या भोसल्यांचा हा किल्ला पोर्तुगिजांनी १७४६ मध्ये घेतला आणि आत संत अंतोनीचे देऊळ उभारले. १५ ऑगस्ट १९५४ रोजी गोव्याच्या सत्याग्रहींनी याच किल्ल्यावर तिरंगा फडकवला होता.

फेरीबोटीची वाट पाहताना मुलीने काठच्या चिखलातले एक झुडूप दाखवले. पाने जाड, चकचकीत, कडेला खाचा आणि खाचांच्या टोकांना काटे. वर निळसर जांभळ्या फुलांचा तुरा. आमच्याकडे खारफुटीत हे सर्रास दिसते. त्याला मारांडी म्हणतात. “हात लावू नकोस, काटे आहेत,” असे सांगून मी तिला परत बोलावले. त्या पानाचीही ओळख ठेवावी, कारण तेही पुढे भेटणार आहे.

जुने गोवे हे शहर नव्हे, एका शहराची आठवण आहे. आल्बुकर्कने १५१० मध्ये ते आदिलशहाकडून जिंकले. सोळाव्या शतकाच्या अखेरीस त्याच्या वैभवाच्या कथा युरोपात सांगितल्या जात. पुढे साथींनी आणि व्यापाराच्या उतरत्या कळेने ते ओस पडले आणि १८४३ मध्ये राजधानी पणजीला गेली. घरे गेली, बाजार गेला. माडांच्या राईत देवळे तेवढी उरली. या चर्चना आणि मठांना १९८६ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला.

गर्दी असते ती बॉम जेझूसच्या देवळात, कारण संत फ्रान्सिस झेवियरचे शव तिथे आहे. १५९४ ते १६०५ या काळात बांधलेल्या या देवळाचा दर्शनी भाग तांबड्या जांभ्याचा, आणि त्यातले कोरीव खांब व पट्ट्या काळ्या पाषाणाच्या. हा काळा दगड गोव्याचा नव्हे. तो वसईहून गलबतांत घालून आणला. म्हणजे सह्याद्रीचा काळा कातळ आमच्या मालवणच्या समोरून समुद्रमार्गे दक्षिणेकडे गेला. सिंधुदुर्गाचा पाया घातला गेला १६६४ मध्ये, म्हणजे साठ-सत्तर वर्षांनी. एवढा खटाटोप कशासाठी? तर जांभ्याचा पोत जाळीदार, भोकाभोकांचा. त्याची भिंत उत्तम होते, पण त्यात पाकळी उमटत नाही, कंगोरा टिकत नाही. बारीक काम हवे तर दगड दुसरा हवा, नाहीतर वर चुन्याचा गिलावा करून त्यात ते काम उठवायला हवे. कोकणातल्या आणि गोव्यातल्या बांधकामाचे अर्धे मर्म या एका अडचणीत आहे.

बॉम जेझूसची भिंत आज उघडी तांबडी दिसते, आणि चित्रांतून तीच आपल्या डोळ्यांत ठसली आहे. पण ती पहिल्यापासून तशी नव्हती. तिच्यावर चुन्याचा गिलावा होता. विसाव्या शतकाच्या पाचव्या-सहाव्या दशकांच्या सुमारास बाल्टाझार कास्त्रो या पोर्तुगीज वास्तुविशारदाच्या देखरेखीखाली तो काढून टाकला गेला. दगड उघडा असला म्हणजे इमारत जुनी आणि भारदस्त दिसते, अशी त्या काळच्या जीर्णोद्धाराची एक समजूत होती. तेव्हापासून गोव्याचा पाऊस त्या चिऱ्यांवर सरळ पडतो आहे आणि चिरे झिजत आहेत. गिलावा पुन्हा करावा की करू नये, यावर बरीच चर्चा झाली आहे. मला आमच्या घराच्या दुरुस्तीला आलेल्या म्हाताऱ्या गवंड्याचे शब्द आठवले. मागच्या पडवीची भिंत तशीच तांबडी ठेवू, शोभून दिसेल, असे मी म्हणताच तो म्हणाला होता, “मास्तरानू, चिरो उघडो ठेवूचो नाय. तेका आंगडा व्हया.” लिस्बनच्या पदवीधरांपेक्षा त्या गवंड्याला या दगडाचा स्वभाव अधिक ठाऊक होता. आणि तो चुना तरी कसला? शिंपल्यांचा. तिसऱ्यांच्या कालवणानंतर आपण जी कवचे फेकून देतो, तसली कवचे भट्टीत भाजून कोकणात आणि गोव्यात पिढ्यान्‌पिढ्या चुना केला गेला. रोमन पद्धतीच्या त्या खांबांना आंगडे शिवले ते आमच्या खाडीने.

आता मूळ ठिकाण. जुन्या गोव्याच्या चौकातून फोंड्याकडे जाणारा रस्ता धरला की थोड्याच वेळात रस्त्याच्या कडेला एक कमान उभी दिसते. मागे काही नाही, बाजूला काही नाही. झाडे आणि आकाश. ही संत पॉलच्या महाविद्यालयाची कमान. कमान म्हणण्यापेक्षा, एका मोठ्या देवळाच्या दर्शनी भिंतीचा उरलेला मधला तुकडा. जांभ्याची अर्धगोल कमान, तिच्या वर एक कोनाडा, कोनाड्यावर क्रूस. आणि दोन्ही बाजूंना उंच जोत्यावर काळ्या दगडाचे खांब.

हे खांब सावकाश पाहावेत. ग्रीक लोकांनी खांबांच्या तीन जाती केल्या. डोरिक म्हणजे साधा, दणकट. आयोनिक म्हणजे डोक्याशी दोन वळशांची गुंडाळी असलेला. आणि कोरिंथियन म्हणजे डोक्यावर पानांचा झुबका असलेला. प्रत्येक जातीचे माप ठरलेले. खांब बुंध्याशी जितका जाड, त्याच्या इतक्या पट उंच. त्यावरची आडवी पट्टी इतकी. तिच्यावरचा कंगोरा इतका. आपल्याकडे जसे वृत्ताला गण असतात तसे हे खांबाचे गण. गण चुकला की ओळ लंगडते, माप चुकले की भिंत. रोमन लोकांनी हे खांब उचलले आणि त्यांच्या जोडीला कमान बसवली. व्हिट्रुव्हियस नावाच्या रोमन वास्तुशास्त्रज्ञाने इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात हे सारे ग्रंथात लिहून ठेवले. पुढे हजार-दीड हजार वर्षांनी इटलीतल्या लोकांनी तो ग्रंथ पुन्हा नव्या डोळ्यांनी वाचला, जुने अवशेष दोरी लावून मोजले, आणि तीच मापे नव्या देवळांना लावली. ती मापे जहाजात बसून मांडवीच्या काठी उतरली.

आपल्या समोरचे खांब कोरिंथियन जातीचे आहेत. अंगावर उभ्या पन्हळी, माथ्यावर पाने. या पानांची एक कथा व्हिट्रुव्हियसने दिली आहे. कोरिंथ नगरीत लग्नाच्या वयाची एक मुलगी वारली. तिच्या दाईने तिच्या आवडीच्या चिजा एका टोपलीत भरल्या, टोपली तिच्या थडग्यावर ठेवली आणि ऊनपावसापासून बचाव व्हावा म्हणून वर एक कौल झाकले. टोपलीखाली एका रोपाचे मूळ होते. वसंतात त्याला पालवी फुटली. पाने टोपलीला बिलगून वर चढली आणि कौलाच्या कोपऱ्यांशी अडून बाहेर वळली. कॅलिमाकस नावाचा शिल्पी तिथून जात होता. त्याने ते पाहिले आणि खांबाच्या माथ्याला तेच रूप दिले. ते रोप अकँथसचे. आणि आमच्या खाडीच्या चिखलातली काटेरी मारांडी ही त्याच अकँथसच्या कुळातली, त्याची सख्खी चुलतबहीण! मुलीला हे सांगितले तेव्हा तिने खांबाकडे मान वर करून पाहिले आणि म्हणाली, “मग इथे काटे का नाही काढले?” याचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. कॅलिमाकसजवळ असेल.

पुढचा प्रश्न तिने कमानीखालून पलीकडे जाऊन विचारला. “बाबा, हे दार आहे ना? मग आत काय होतं?”

आत काय होते ते सांगणे प्राप्त होते. १५४१ मध्ये ‘पवित्र श्रद्धे’च्या नावाने इथे एक संघ स्थापन झाला आणि पूर्वेकडच्या निरनिराळ्या देशांतल्या मुलांना ख्रिस्ती धर्माचे शिक्षण देण्यासाठी पाठशाळा सुरू झाली. पुढच्याच वर्षी फ्रान्सिस झेवियर गोव्यात उतरला आणि लवकरच ही संस्था जेझुइटांच्या हाती गेली. तिच्या नावावरूनच या देशात जेझुइटांना ‘पाउलिस्ट’ म्हणू लागले. पहिले देऊळ अपुरे पडले, तेव्हा १५६० मध्ये नव्या देवळाचा पाया घातला. ते १५७२ मध्ये पुरे झाले. आज उभी आहे ती त्याची कमान.

इथवर सांगणे सोपे. पुढचे सांगताना घसा कोरडा पडतो. तिसवाडी बेटावरची हिंदू देवळे १५४० च्या सुमारास पाडली गेली, आणि त्या देवळांच्या जमिनींचे उत्पन्न पुढल्याच वर्षी या संघाला लावून देण्यात आले. ज्या साली नव्या देवळाचा पाया पडला, त्याच १५६० साली गोव्यात धर्मन्यायालय, म्हणजे कुप्रसिद्ध ‘इन्क्विझिशन’, सुरू झाले. तेव्हा या सुबक खांबांच्या पायाशी काय काय पुरले गेले आहे हे विसरून त्यांच्याकडे पाहता येत नाही. मापे अचूक असली म्हणून न्याय अचूक असतो असे नाही.

पण गोष्ट एवढ्यावर थांबत नाही, हीच तिची अडचण आणि हीच तिची गंमत. १५५६ मध्ये याच महाविद्यालयात छापखाना आला. हिंदुस्थानातला हा पहिला छापखाना. तुम्ही आता हातात धरलेल्या दिवाळी अंकाची वंशावळ काढायची तर मूळपुरुष इथे सापडतो. आणि १५७९ मध्ये थॉमस स्टीफन्स नावाचा एक इंग्रज तरुण जेझुइट म्हणून गोव्यात उतरला, तेव्हा हे देऊळ पुरे होऊन सात वर्षे झाली होती. आम्हां मराठीच्या मास्तरांचा हा फादर स्टीफन्स, ‘ख्रिस्तपुराणा’चा कर्ता. नवख्रिस्ती लोकांची जुनी पुराणे बंद झाली होती आणि त्यांना वाचायला-ऐकायला काही हवे होते. स्टीफन्सने त्यांच्यासाठी बायबलातली कथा जवळजवळ अकरा हजार ओव्यांत लिहिली. १६१६ मध्ये रायतूर येथे ती प्रथम छापली गेली. लिपी रोमन, कथा परदेशची, पण छंद ज्ञानोबांचा आणि शब्द आमच्या आजीच्या तोंडचे. त्यात मराठीची त्याने जी तोंड भरून स्तुती केली आहे, तशी करणारे आमच्यातही थोडेच निघतील.

या कमानीसमोर उभे राहिल्यावर मला वाटले, स्टीफन्सने शब्दांत जे केले तेच इथल्या पाथरवटांनी दगडात केले आहे, फक्त उलट बाजूने. त्याने परक्या आशयाला आमचा साचा दिला. यांनी परक्या साच्यात आमचा दगड बसवला. स्टीफन्सचे नाव आपण घेतो. या खांबांवर पाने कोरणाऱ्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत.

या देवळाचे वैभव फार टिकले नाही. १५७० पासून साथींनी या भागाला ग्रासले. जेझुइटांनी हळूहळू बिऱ्हाड टेकडीवरच्या नव्या मठात हलवले. झेवियरचे शवही १५५४ पासून इथे होते, ते पुढे इथून निघाले. १७५९ मध्ये तर पोर्तुगालच्या राजानेच जेझुइटांना आपल्या मुलखातून घालवून दिले. ओस पडलेली इमारत १८३० च्या सुमारास पाडली गेली आणि तिचे दगड नव्या पणजीच्या बांधकामाला गेले. इतरांची देवळे पाडून मिळालेल्या उत्पन्नावर जे उभे राहिले होते, ते शेवटी आपल्याच लोकांच्या हातून चिरा-चिरा करून उतरले. ही कमान तेवढी राहिली.

“म्हणजे आत आता काहीच नाही,” मुलगी म्हणाली.

“आत नाही. पण पुढे आहे,” मी म्हणालो आणि मोटार फोंड्याच्या वाटेला लावली. कारण या कमानीची उरलेली गोष्ट त्याच रस्त्याने पुढे आहे.

पोर्तुगिजांच्या मुलखातून देव घेऊन माणसे पळाली ती खाडी ओलांडून. कुडथळचा मंगेश प्रियोळला आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला आली. सोळाव्या शतकातली ही धावपळ. रात्रीच्या अंधारात, कसल्याशा तात्पुरत्या छपराखाली देव ठेवले असतील. फोंड्याचा हा मुलूख पोर्तुगिजांच्या हद्दीबाहेर होता. तो त्यांच्या हाती गेला १७६३ मध्ये. दरम्यान सुमारे पावणेदोनशे वर्षांनी कवळ्याच्या देवीसाठी मोठे देऊळ बांधायचा योग आला. साताऱ्याला छत्रपती शाहू महाराजांच्या दरबारी नारोराम रेगे हे मंत्री होते. त्यांनी महाराजांकडून द्रव्यसाहाय्य मिळवले. १७३० च्या सुमारास काम सुरू झाले, १७३८ च्या सुमारास पुरे झाले, आणि १७३९ मध्ये कवळे गाव देवीला इनाम मिळाला. हे नारोराम मंत्री मूळचे कोचऱ्याचे. सकाळी आम्ही ज्या गावाचा फाटा मागे टाकून आलो, तेच वेंगुर्ल्याजवळचे कोचरे.

आता या देवळापुढे उभे राहून पाहा. वर घुमट. खाली भिंतीला चिकटलेले चपटे खांब, त्यांवर कंगोरे. अर्धगोल कमानींच्या खिडक्या, त्यांत रंगीत काचा. गच्चीला कठडा. अंगणात मजल्यांवर मजले चढवलेला दीपस्तंभ. प्रत्येक मजल्याला कमानी, आणि कार्तिकात त्या कोनाकोनांत दिवे. देवळे काळाच्या ओघात दुरुस्त होत आली, रंग बदलले, नवे काम जोडले गेले. कोणता कंगोरा कोणत्या सालचा हे वरवर पाहून सांगता येणार नाही. पण हात ओळखू येतो. ही तीच मापे, तीच अर्धगोल कमान, तोच चुना. नदीच्या अलीकडे ज्या गवंडीकामाने चर्चचे दर्शनी भाग उठवले, त्याच परंपरेतल्या हातांनी पलीकडे शांतादुर्गेचे देऊळ उठवले. ज्यांच्या देवीला हाकलले गेले, त्यांनी हाकलणाऱ्यांची कमान उचलली आणि तिच्याखाली आपली देवी बसवली.

हा सूड होता का? मला तसे वाटत नाही. शरणागती तर नव्हेच. गवंड्याला कमान आवडली, ती भार चांगला पेलते हे त्याने अनुभवाने पाहिले, चुन्यात ती कशी उठवायची ते त्याला साधले. तेव्हा पुढच्या कामावर त्याने ती पुन्हा केली. काम मठाचे होते की मठपतींना चुकवून आलेल्या देवीचे, हा प्रश्न यजमानाचा. आकार ज्याने आणला त्याच्या मालकीचा तो फार दिवस राहत नाही. तो जो हाताने करतो त्याचा होतो, आणि त्याच्यापासून त्याच्या मुलाकडे जातो. संत पॉलच्या देवळामागे राजसत्ता होती, धर्मसत्ता होती, देवळांचे उत्पन्न होते; तरी त्याचे दार तेवढे उरले. कवळ्याला त्या दारातून अजून माणसांची ये-जा चालू आहे.

गोव्याला जाणाऱ्या मंडळींनी म्हणून हा क्रम ठेवावा. आधी बॉम जेझूसची उघडी भिंत पाहावी, म्हणजे दगड कळतो. मग फोंड्याच्या रस्त्यावर दहा मिनिटे थांबून ती एकटी कमान पाहावी, म्हणजे माप कळते. आणि मग कवळ्याला जावे. जमल्यास परतताना सावंतवाडीचा जांभ्याचा राजवाडाही पाहावा, आणि नंतर आपापल्या गावी गेल्यावर जुन्या घरांच्या ओसऱ्यांकडे जरा थांबून बघावे. खिडकीवरची एखादी अर्धगोल महिरप, गच्चीचा एखादा गोटीदार कठडा कुठेतरी दिसेल. तो काढून टाकून सिमेंटची सपाट भिंत घालायचा बेत घरात चालला असेल, तर आधी एखाद्या जुन्या गवंड्याला बोलावून त्याचे म्हणणे ऐकावे.

कवळ्याहून निघताना देवळाच्या पायऱ्यांवर हार-फुलांची दुकाने मांडून बायका बसल्या होत्या. सौ.ने देवीसाठी घेतलेल्या ओटीतला नारळ मुलीच्या हातात होता. ती दीपस्तंभाकडे पाहत खालच्या मजल्यापासून कमानी मोजू लागली आणि निम्म्यावर आल्यावर आकडा चुकून पुन्हा पहिल्यापासून मोजू लागली. आम्ही घाई केली नाही.